गाडी ट्रॅकवर नेताना – लेखांक 6 : हवा किती मारायची?

पेट्रोल पंपावर हवावाला विचारतो, "किती मारू?" आपण "बत्तीस" म्हणून मोकळे होतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर जो स्टिकर दिसतो, त्यावरही असाच एखादा आकडा असतो, आणि रस्त्यासाठी तो अगदी योग्य असतो. पण ट्रॅकवर तोच आकडा धरून उतरलात, तर चौथ्या-पाचव्या फेरीला गाडी वळणावर तुपावरून घसरल्यासारखी सरकू लागते. नवखा ड्रायव्हर म्हणतो, टायर संपले. टायर ठणठणीत असतात. त्यांच्यात हवा जास्त झालेली असते, आणि ती कोणी वरून भरलेली नसते.

होतं असं. वळणावर टायर दबतो, सुटतो, पुन्हा दबतो. दर वेळी रबराच्या अंतर्गत घर्षणातून उष्णता निघते. त्यात ब्रेकच्या डिस्कची धग रिममधून आत पोचते. आतली हवा तापते, आणि कोंडलेली असल्यामुळे तिचा दाब वाढतो. हा शाळेत शिकलेला वायूचा नियम. फक्त तापमान केल्विनमध्ये धरायचं आणि गेजच्या आकड्यात वातावरणाचे 14.7 पीएसआय मिळवायचे. सकाळी 25 अंशांवर 32 भरलेत आणि आतली हवा 80 अंशांवर गेली, तर गेज जवळजवळ 41 दाखवेल. एवढ्या दाबाने टायरचा मधला भाग फुगतो, कडा रस्त्यावर नीट टेकत नाहीत, आणि रस्त्याला धरणारा रबराचा पट्टा नेमका गरजेच्या वेळी अरुंद होतो.

म्हणून ट्रॅकवर सकाळचा आकडा दुय्यम. तापलेल्या टायरचा आकडा आधी ठरवायचा आणि सकाळचा त्यावरून उलटा काढायचा. ट्रॅकवरही चालतील अशा बऱ्याच स्पोर्ट्स टायरना तापल्यावर 32 ते 36 च्या दरम्यानचा दाब मानवतो. आपल्या टायरचा नेमका आकडा मात्र कंपनीच्या तक्त्यातूनच घ्यावा.

ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट घेऊ. मुंबई-पुण्याची हौशी मंडळी गाडी ट्रेलरवर चढवून तिथे किंवा कोईमतूरच्या करी स्पीडवेवर जातात. समजा, आपल्याला तापल्यावर 34 हवेत आणि फेऱ्या मारल्यावर आतली हवा 75 अंशांवर स्थिरावते. जानेवारीच्या सकाळी टायर 15 अंशांवर असतील, तर भरायचे साधारण साडेपंचवीस. तेच टायर दुपारी 32 अंशांवर असताना भरलेत, तर 28. गाडी, टायर, ट्रॅक सगळं तेच. फरक अडीच पीएसआयचा. ढोबळ हिशेब सात अंशांना एक पीएसआय. मित्राने फोनवर सांगितलेला "छब्बीस रख" हा आकडा म्हणूनच अर्धवट असतो. त्याने तो कुठल्या महिन्यात, किती वाजता भरला होता, हे विचारायलाच हवं.

या फरकावरून फॉर्म्युला वनमध्ये एका शर्यतीचा निकाल अडकता अडकता राहिला. 2015 च्या ऑगस्टमध्ये बेल्जियमला स्पा सर्किटवर वेटेल या ड्रायव्हरचा मागचा टायर शेवटून दुसऱ्या फेरीत फुटला. त्यानंतर इटलीत मॉन्झाला टायर पुरवणाऱ्या पिरेलीने किमान दाबाची अट कडक केली. मागच्या टायरला किमान 19.5 पीएसआय. सुरुवातीच्या रांगेत तपासणी झाली, तेव्हा मर्सिडीज संघाच्या हॅमिल्टनच्या मागच्या डाव्या टायरमध्ये 0.3 आणि त्याच्याच संघातल्या रोसबर्गच्या टायरमध्ये 1.1 पीएसआय कमी भरले. हॅमिल्टनने शर्यत जिंकली, पण विजय पदरात पडायला पंचांच्या निर्णयाची वाट बघावी लागली. पंचांनी ठरवलं, की टायर गाडीला लावले तेव्हा दाब नियमाप्रमाणेच होता. नंतर टायर तापवणारी ब्लँकेट बंद झाली आणि टायर निवले. हिशेब करून बघा : शंभर अंशांच्या आसपास तापलेली हवा 12 अंशांनी निवली, तरी 1.1 पीएसआय कमी होतात. मर्सिडीजसारख्या संघाची ही गत, तर आपण रविवारी गाडी पळवणाऱ्यांनी मापाबाबत किती काटेकोर असायला हवं!

तेव्हा पिटमध्ये करायचं काम सांगतो. पहिल्या सत्रातून आत आलात, की हेल्मेट नंतर काढा, आधी गेज हातात घ्या. हँडब्रेक ओढू नका, डिस्क लाल तापलेल्या असतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे अटकाव लावा. दोन मिनिटांत चारही टायर मोजून वहीत लिहा. दर वेळी त्याच चाकापासून सुरुवात करा, कारण शेवटच्या चाकापर्यंत पोचेस्तोवर तेही निवायला लागलेलं असतं. मग जादा हवा व्हॉल्व्हमधून थोडी थोडी सोडत चारही टायर ठरवलेल्या आकड्यावर आणा. मोजताना चारही आकडे वेगवेगळे येणारच. बुद्ध सर्किट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालतं आणि दहाव्या-अकराव्या वळणावर गाडी बराच वेळ उजवीकडे वळत राहते, त्यामुळे सगळा भार डाव्या टायरवर. ते जास्त तापतात, म्हणून सकाळी त्यांच्यात उजव्यांपेक्षा थोडी कमी हवा असावी लागते. आणखी एक बारीक गोष्ट : सकाळी हवा भरताना गाडीची एक बाजू उन्हात असेल, तर त्या बाजूचा टायर आधीच कोमट झालेला असतो. त्याला सावलीतल्या टायरइतकंच भरलंत, तर प्रत्यक्षात कमीच भरलंत.

"कमी हवा म्हणजे जास्त पकड" असं पॅडॉकमध्ये छातीठोकपणे सांगणारे भेटतात. एका मर्यादेपर्यंत खरं आहे. त्याखाली गेलात, की टायरची भिंत जास्त वाकते, आतून जास्त तापते, टायर कडेवर लोळायला लागतो. अति झालं तर रिमवरून सुटूही शकतो. म्हणून टायरच्या कडेवर खडूच्या चार रेघा ओढून ट्रॅकवर जावं. बऱ्याच टायरच्या कडेवर लहानसा त्रिकोण असतो; खडू साधारण तिथपर्यंत घासला गेला तर ठीक, त्याच्या खालपर्यंत गेला तर हवा कमी. सुई टोचून रबराचं तापमान मोजणारं यंत्र मिळालं तर उत्तमच : मधला पट्टा कडांपेक्षा जास्त तापला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा जास्त तापल्या असतील तर कमी. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा थोडी गरम असणं हा चाकाच्या कलाचा परिणाम. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.

नायट्रोजनबद्दल हटकून विचारलं जातं. आपल्या साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन आहे आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. खरी अडचण पाण्याची. कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेला ओलावा टायरमध्ये गेला, की तापल्यावर त्याची वाफ होते आणि आकडे हिशेबाबाहेर पळतात. नायट्रोजन कोरडा असतो, एवढाच त्याचा फायदा. पैसे खर्चायचेच असतील, तर आधी चांगल्या गेजवर खर्चा. दोन स्वस्त गेज एकाच टायरला दोन वेगळे आकडे दाखवतात, आणि इथे भांडण तर एक-दीड पीएसआयचं आहे.

संध्याकाळी सामान आवरायच्या घाईत एक काम राहून जातं. दिवसभर हवा काढलेले टायर रात्री निवतात, तेव्हा त्यांच्यात पंचवीसच्या आसपास किंवा त्याहूनही कमी हवा उरते. सर्किटच्या जवळच यमुना एक्स्प्रेसवे आहे. सामानाने लादलेली गाडी तशीच शंभरच्या वेगाने तासभर पळवलीत, तर टायरच्या भिंती आतून भाजून निघतील. टायर हाताला गार लागू द्या, मग दाराच्या खांबावरचा आकडा बघून तेवढी हवा भरा आणि मगच घरची वाट धरा.