रीमॅप केल्याने पिकअपचं ॲव्हरेज खरंच वाढतं का?

ज्या घराचं पोट पिकअपवर चालतं, त्या घरात डिझेलचा खर्च दर महिन्याला डोळ्यांत भरतो. भाजी मार्केटला न्यायची असो, दुधाचे कॅन पोहोचवायचे असोत की घरसामानाचं भाडं असो, लिटरमागे एक किलोमीटर जास्त मिळाला तरी हिशेब बदलतो. म्हणूनच "इंजिन रीमॅप करून घ्या, पॉवरही वाढेल आणि ॲव्हरेजही" असं कुणी सांगितलं की मन लगेच तयार होतं. पण खिशात हात घालण्याआधी यात तथ्य किती आहे, ते बघा.

रीमॅप म्हणजे नेमकं काय?

आजच्या डिझेल पिकअपमध्ये इंजिनला किती डिझेल द्यायचं, कोणत्या क्षणी द्यायचं आणि टर्बोने किती हवा दाबून भरायची, हे ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्यातले कंपनीने भरलेले आकडे बदलणं म्हणजे रीमॅप. कंपनीने ते आकडे ठरवताना फक्त मायलेज बघितलेलं नसतं. धुराचे नियम, इंजिनचं आयुष्य, उन्हाळा, घाट, जड माल या सगळ्यांसाठी थोडी जागा राखून ठेवलेली असते. ट्यूनर याच राखीव जागेत हात घालतो.

डिझेल कुठे वाचतं, कुठे नाही?

भरलेली गाडी नाशिकहून मुंबईला न्यायला जेवढी ताकद लागते, ती रीमॅपने बदलत नाही. वजन तेच, टायर तेच, समोरचा वारा तोच. शिवाय डिझेल इंजिनची पॉवर वाढवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे जास्त डिझेल जाळणं. त्यामुळे वाढलेली पॉवर वापरलीत, की वाढीव डिझेलही जाणारच.

तरीही थोडी बचत दोन ठिकाणी होऊ शकते. पहिलं म्हणजे, डिझेल सिलिंडरमध्ये किंचित आधी सोडलं तर तेवढ्याच डिझेलमधून थोडं जास्त काम मिळतं. पण त्यामुळे सिलिंडरमधला दाब वाढतो आणि नायट्रोजन ऑक्साइड हे घातक वायूही वाढतात. दुसरं म्हणजे, कमी आरपीएमला ओढ वाढली तर चढावर वारंवार गिअर खाली टाकावा लागत नाही. हा फायदा मात्र पूर्णपणे ड्रायव्हरच्या पायावर अवलंबून असतो. गाडी हलकी पळते म्हणून ॲक्सिलरेटर दाबत राहिलात, तर ॲव्हरेज आधीपेक्षाही खाली येतं.

आधी कागदावर हिशेब करा

समजा, तुमची गाडी महिन्याला २,५०० किलोमीटर चालते, ॲव्हरेज १२ चं आहे आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. महिन्याला सुमारे २०८ लिटर, म्हणजे १८,७५० रुपयांचं डिझेल लागतं. रीमॅपनंतर ॲव्हरेज ५ टक्क्यांनी वाढून १२.६ झालं, तर महिन्याला सुमारे ९०० रुपये वाचतील. रीमॅपला २५,००० रुपये खर्च आला असेल, तर ते वसूल व्हायला जवळपास २८ महिने लागतील. मध्ये क्लच किंवा टर्बोचं काम निघालं, तर वाचलेले पैसे त्यातच जातील.

मीटर बघू नका, टाकी भरून बघा

इथे अनेकांची फसगत होते. मीटरवर दिसणारं ॲव्हरेज प्रत्यक्ष डिझेल मोजून आलेलं नसतं. इंजिनला किती डिझेल सोडलं, याचा ईसीयूचा स्वतःचा अंदाज त्यामागे असतो. रीमॅपमध्ये तेच आकडे बदलले, की मीटरवर चांगला आकडा दिसू शकतो आणि खर्च मात्र तेवढाच राहतो. खरी मोजणी सोपी आहे. एकाच पंपावर टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. तोच रस्ता, साधारण तेवढाच माल, असं किमान चार-पाच टाक्या करा. एका टाकीवरून काहीच ठरत नाही.

धूर, वॉरंटी आणि कायदा

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू आहेत. त्यामुळे नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी असते. इंजिनला जास्त डिझेल दिलं, की काजळी वाढते, जाळी लवकर भरते आणि ती जाळून साफ करायला पुन्हा डिझेलच लागतं. मग "जाळीच काढून टाका" असा सल्ला मिळतो. अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार, साधारण दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधली प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकण्यात आली होती. तो धूर शेवटी आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कंपनी वॉरंटी नाकारू शकते आणि अपघातानंतर विम्याच्या क्लेमचा वाद होऊ शकतो, ते वेगळंच.

आधी हे करून बघा

• आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासा. लोडनुसार किती हवा हवी, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.
• एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि ऑइल वेळेवर बदला.
• मोकळ्या रस्त्यावर ४५ ते ५५ च्या वेगात गाडी स्थिर ठेवा. वेग दुप्पट झाला, की वाऱ्याचा विरोध चौपट होतो.
• माल केबिनच्या वर चढवणं शक्य तितकं टाळा. रिकाम्या फेरीत मोकळी ताडपत्री फडफडू देऊ नका.
• माल चढवता-उतरवताना इंजिन बंद ठेवा.
• ब्रेक घासत नाहीत ना, चाकांचं अलाइनमेंट नीट आहे ना, हे बघून घ्या.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडी आधी १३ चं ॲव्हरेज देत होती आणि आता ११ वर आली असेल, तर कुठेतरी बिघाड आहे. इंजेक्टर खराब असेल, टर्बोच्या पाइपमधून हवा गळत असेल किंवा ब्रेक अडकत असेल, तर रीमॅपने तो बिघाड फक्त झाकला जाईल. त्यामुळे या महिन्यापासूनच वहीत किलोमीटर आणि लिटर लिहायला सुरुवात करा. पुढच्या वेळी कुणी ॲव्हरेज वाढवून देतो म्हणालं, की ती वही त्याच्यापुढे ठेवा आणि नेमकं किती वाढेल, ते लेखी मागा.