जित्याहून बी.ए.ला

दिव्याहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत आपटा मागे पडलं की जिते येतं, मग हमरापूर, मग पेण. हा रेल्वेमार्ग रोह्यापर्यंत पोहोचला तो 1986 साली. आमच्या भागातल्या कॉलेजशिक्षणाचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात तिथूनच करायला हवी. त्याआधी जित्याच्या मुलाला बी.ए. व्हायचं तर मुंबई-गोवा रस्त्यावर एसटीची वाट बघत उभं राहावं लागे, नाहीतर पनवेल-अलिबागला कुणा नातलगाकडे मुक्काम ठोकावा लागे. मुलीचा तर प्रश्नच नव्हता. गाडी आली, पास निघाला आणि पेण, पनवेल, रोहा ही तिन्ही कॉलेजची गावं रोजच्या येण्याजाण्यात आली. सकाळच्या गाडीला डोक्यावर मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका आणि छातीशी वह्या धरलेल्या मुली एकाच डब्यात चढू लागल्या. त्या मुलींतल्या बहुतेक जणी आर्ट्सला होत्या.

आर्ट्सला का, याचं उत्तर तेव्हा घरोघरी एकच होतं. सायन्सला फी आणि क्लास परवडत नाहीत, कॉमर्सला हिशेब जमत नाही, मग राहिलं काय? समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र हे विषय कुणी मागून घेतले नाहीत, ते पदरात पडले. टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, एकाच विषयाचे सहा पेपर, नाहीतर दोन विषयांचे तीन-तीन. मी या वाटेने शिकलो आणि पुढे याच रायगड जिल्ह्यात शिकवलंही. त्या वर्गांत हुशारीची वाण कधीच नव्हती. भाताच्या एका मळ्याचे चार भाऊ वाटे पाडतात तेव्हा कुणाच्या वाट्याला बांध येतो नि कुणाच्या वाट्याला खाजण, हे बारकाईने सांगणारी मुलं समोर बसलेली असत. पण परीक्षेत प्रश्न यायचा, 'समाजशास्त्राची व्याख्या सांगून त्याची व्याप्ती स्पष्ट करा.' मुलं गाईडातलं उत्तर पाठ करायची, कॉम्तपासून सुरुवात करायची आणि पास व्हायची.

याचं मला आजही वाईट वाटतं, कारण या विषयांना लागणारी सामग्री जिल्ह्यात पावलोपावली पसरलेली होती.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला आणि 1924 पासून तो मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्यांनी चालवला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई ही सगळी घुर्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं. 1820च्या सुमारास कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने पुण्याजवळच्या लोणीकंद गावाचं तपशीलवार वर्णन लिहून ठेवलं होतं. घुर्यांनी सव्वाशे वर्षांनंतर त्याच गावाची पुन्हा पाहणी करून 1960 साली पुस्तक काढलं. एखाद्या गावाकडे पुन्हा पुन्हा जाऊन काय बदललं ते मोजायचं, याचा इतका चांगला वस्तुपाठ मराठी मुलखात दुसरा नसेल. आमच्या बी.ए.च्या वर्गात घुर्ये आले ते जातीची सहा वैशिष्ट्यं घेऊन. ती पाच गुणांना येत. लोणीकंद कधीच आलं नाही.

आमच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्यांवर राहणाऱ्या कातकऱ्यांबद्दल ए. एन. वेलिंग यांचं इंग्रजी पुस्तक 1934 सालचं आहे. त्याच सुमारास अलिबागजवळ चरीला शेतकऱ्यांचा संप चालू होता. नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली 1933 ते 1939 अशी सहा वर्षं कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. कुळं उपाशी राहिली, जंगलातली लाकडं विकून जगली, पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. आंबेडकर मुळात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन एल्फिन्स्टनमधून बी.ए. झालेले. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात जातींच्या उगमावर निबंध वाचणारा हा विद्यार्थी वीस-एकवीस वर्षांनी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या कुळांसाठी कायद्याचा मसुदा घेऊन उभा राहतो, यापेक्षा सामाजिक शास्त्रांच्या पदवीचा उपयोग आणखी कसा समजावून सांगायचा? खोती 1949च्या कायद्याने गेली. वर्गात बसलेल्या अर्ध्या मुलांच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चढलं ते कूळकायद्यामुळे, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी सांगायला लागलो तेव्हा मागच्या बाकावरून हमखास विचारलं जाई, "सर, हे परीक्षेला आहे का?" मुलांचा त्यात काही दोष नव्हता. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवणार, पेपर तिथेच निघणार, तपासणाराही बाहेरचा. घरच्या सातबाऱ्यावर लिहिलेल्या उत्तराला गुण मिळतील की नाही याची खात्री शिक्षकालाही नसे.

मग 2006 नंतर महामुंबई सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, आला. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या गावांच्या जमिनी संपादनात निघाल्या आणि घराघरांत नोटिसा आल्या. तेव्हा प्रथमच असं झालं की वर्गातले शब्द आणि ओटीवरचे शब्द एक झाले. 'विस्थापन', 'भूसंपादन', 'सार्वजनिक प्रयोजन' हे शब्द मुलं घरी ऐकून येत आणि मला अर्थ विचारत. 1894च्या भूसंपादन कायद्याची कलमं आमच्याकडच्या साध्या शेतकऱ्याला तोंडपाठ झाली होती. सेझविरोधी लढ्याचे नेते एन. डी. पाटील सभा घेत, कार्यकर्त्या उल्का महाजन आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरत. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या, पेण तालुक्यातल्या 22 गावांत 21 सप्टेंबर 2008 रोजी सरकारी यंत्रणेने जनमत घेतलं. जमीन द्यायची की नाही हे शेतकऱ्यांना मतपत्रिकेवर विचारलं गेलं आणि कौल मोठ्या फरकाने विरोधात गेला. पुढे तो सेझ झालाच नाही.

राज्यशास्त्रात 'सार्वमत' शिकवताना स्वित्झर्लंडचं उदाहरण देतात. आमच्या मुलांनी ते शेजारच्या गावात चालताना पाहिलं. काही मुलांचे वडील मतदानाला गेले होते, आई गेली नव्हती, कारण सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. एका विद्यार्थिनीने हे वर्गात उभं राहून सांगितलं, तेव्हा मालमत्ता, लिंगभाव आणि लोकशाही हे तीन वेगवेगळ्या पेपरांतले धडे एका वाक्यात एकत्र आले. असा तास पुन्हा मिळाला नाही.

त्या काळातली आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. कॉलेजातली काही मुलं एका कातकरवाडीवर पाहणीला गेली होती. छापील फॉर्मवर एक रकाना होता, 'मासिक उत्पन्न'. एका घरच्या बाईने तो ऐकून घेतला आणि म्हणाली, "महिन्याचं कसं सांगू बाय? उचल घेतली ती भट्टीवर फिटते." पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा वीटभट्टीवाल्याकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जायचं, हजार विटांमागे ठरलेल्या दराने उचल फेडत राहायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं. हातात काही उरलं तर उरलं, नाहीतर पुढच्या वर्षाची उचल तयार. त्यांचा पैसा हंगामाने चालतो, आणि तोही उलट्या दिशेने, आधी खर्च आणि मग काम. मुलांनी तो रकाना खोडला आणि नवा आखला. उचल कधी, कुणाकडून, किती, फिटली का. त्याच फॉर्मवर पोरांच्या शाळेचा रकाना होता. तोही बदलावा लागला, कारण मुलांची नावं वाडीच्या शाळेत होती आणि मुलं सहा-सहा महिने भट्टीवर. संशोधनपद्धतीच्या पुस्तकात प्रश्नावलीची पूर्वचाचणी घ्यावी असं एक ओळीत लिहिलेलं असतं. ती का घ्यायची, हे या मुलांना त्या दुपारी कळलं. पुस्तकात कातकरी 'अतिमागास आदिम जमात' म्हणून भेटतात. इथे ठेकेदार, भट्टी, कर्ज आणि शाळा यांच्यामध्ये अडकलेला मजूर भेटला.

2010 साली पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदार रांगेत उभे राहिले. गणपतीच्या कारखान्यातल्या कारागिराची बचत, निवृत्त मास्तरांची पुंजी, लग्नासाठी ठेवलेला पैसा सगळं अडकलं. माणसं एखाद्या संस्थेवर विश्वास कशाच्या आधारावर टाकतात, ओळखीच्या माणसाचा शब्द कागदापेक्षा भारी का ठरतो, धोका दिसत असूनही पैसे काढायला उशीर का होतो, हे वर्तनाचं शास्त्र आहे आणि जगभर त्यावर अभ्यास चालतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आमच्याच रोह्यात वाढले. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षही झाले. बँक आणि विद्यापीठ या दोन्ही व्यवस्था सांभाळलेल्या माणसाच्या जिल्ह्यात या घटनेचा अभ्यास बी.ए.च्या मुलांकडून करून घ्यायला हवा होता. तो झाला नाही, निदान माझ्या माहितीत तरी नाही.

मानसशास्त्राबद्दल थोडक्यात. आमच्या वेळी तो विषय मुंबईचा मानला जाई, कारण प्रात्यक्षिकं लागत आणि शिकवणारे मिळत नसत. करोनानंतर चित्र पालटलं. आता बारावीनंतरच्या मुली 'सायकॉलॉजी कुठे आहे' असं विचारत येतात आणि त्यासाठी नवी मुंबईपर्यंत जायला तयार असतात. नुसत्या बी.ए.वर समुपदेशक होता येत नाही, एम.ए. आणि त्यापुढचं प्रशिक्षण लागतं, हे त्यांना प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगायला हवं. मात्र ही ओढ खरी आहे. घरातल्या दारूबद्दल, आईच्या न बोलण्याबद्दल, स्वतःच्या भीतीबद्दल काही समजून घ्यावं म्हणून या मुली विषय निवडतात. पदरात पडलेला विषय आणि मागून घेतलेला विषय यांत केवढा फरक पडतो, ते त्यांच्या वह्या बघितल्या की कळतं.

समाजशास्त्राचे वर्ग मात्र रिकामे होत गेले. हजेरीपटावर नावं असतात, मुलं पनवेलच्या मॉलमध्ये किंवा रसायनीच्या कारखान्यात कामाला असतात आणि परीक्षेपुरती येतात. त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. घर चालवायचं असतं.

आता नव्या शैक्षणिक धोरणाची रचना 2024-25 पासून संलग्न कॉलेजांतही आली आहे. मेजर, मायनर, चौथं वर्ष हे सगळं बसेल तसं बसेल. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. फील्ड प्रोजेक्टला आता श्रेयांक आहेत. जी पाहणी आम्ही सुट्टीच्या दिवशी, पदरचे मिनीडोरचे पैसे देऊन करायचो, तिला गुण मिळणार आहेत. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट विकत मिळू लागले तर ही संधीही वाया जाईल, आणि तसे मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि विषय तर दाराशी येऊन उभा आहे. जानेवारी 2024 मध्ये मुंबईहून थेट आमच्याकडे येणारा अटल सेतू सुरू झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या 124 गावांच्या नव्या शहरासाठी एमएमआरडीएची, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, नेमणूक झाली. जमिनीचे दलाल रोज फिरतात. दुसरीकडे हेटवण्याचं पाणी नवी मुंबईला जातं आणि पेण तालुक्यातल्या वाशी-वडखळकडच्या खारेपाटात उन्हाळ्यात टँकर येतो. खारबंदिस्ती फुटली की भरतीचं पाणी भातात शिरतं, जमीन नापीक होते आणि मग ती विकणं सोपं जातं. कुणी किती जमीन विकली, पैसा कशात गेला, विकणाऱ्याचा मुलगा आता काय करतो, सातबाऱ्यावर आईचं किंवा बहिणीचं नाव होतं का, सही करताना तिला विचारलं का, हे जित्यापासून हमरापूर-जोह्यापर्यंत घरोघर जाऊन आत्ताच लिहून ठेवायला हवं. दहा वर्षांनी विचारायला गेलो तर सांगणारी माणसं तिथे राहिलेली नसतील. कोट्सने लोणीकंदबद्दल लिहून ठेवलं होतं म्हणून घुर्यांना तुलना करता आली. आमच्या गावांबद्दल असं लिहिलेलं काही हाती नाही.

हे काम एसवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, एका वर्गाला एका वर्षात झेपणारं आहे. पहिल्या तुकडीने जिते घ्यावं, दुसरीने हमरापूर, आणि पाच वर्षांनी पुन्हा जित्याला जावं. प्रश्नावली मुलांनीच बनवावी आणि आधी दोन घरांत विचारून बघावी. अहवाल मराठीत असावा. त्याच्या दोन प्रती काढाव्यात, एक कॉलेजच्या ग्रंथालयात आणि एक ग्रामपंचायतीत. ग्रामसभेत तो मुलांनीच वाचून दाखवावा, म्हणजे चुकलेला आकडा गावकरी तिथल्या तिथे दुरुस्त करतील.