ठोकळ्यांच्या चालत्या यंत्रप्रतिकृती

लेगोसारख्या परस्परांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून हौशी रचनाकार पायांवर चालणाऱ्या यंत्रांच्या प्रतिकृती स्वतःच्या आराखड्यानुसार उभारतात. मूळ यंत्राच्या रूपाशी साधर्म्य राखणे आणि प्रतिकृती न कोसळता उभी राहणे, या दोन गरजा अनेकदा परस्परविरोधी ठरतात. त्यांचा मेळ घालणे हे या रचनेतील मुख्य आव्हान होय.

मूळ नमुना

'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) या चित्रपटातील एटी-एटी हे चार पायांचे युद्धयंत्र रचनाकारांचा आवडता विषय आहे. अवजड धड, त्या मानाने बारीक व उंच पाय आणि पुढे काढलेले डोके ही त्याची ओळख. चित्रपटात त्याची चाल 'स्टॉप मोशन' तंत्राने, म्हणजे लहान प्रतिकृती चौकटीगणिक किंचित हलवून, चित्रित करण्यात आली. त्यामुळे त्या यंत्राला स्वबळावर तोल सांभाळण्याची गरज नव्हती. ठोकळ्यांच्या चालत्या प्रतिकृतीला मात्र ती सवलत मिळत नाही.

स्थैर्याचे तत्त्व

गुरुत्वमध्यातून खाली काढलेली लंबरेषा टेकलेल्या पावलांनी वेढलेल्या आधारक्षेत्रात पडते, तोवर संथ चालणारी प्रतिकृती उभी राहते. चार पाय टेकलेले असताना हे क्षेत्र चौकोनी असते. एक पाय उचलताच ते त्रिकोणी होते. म्हणून पाय उचलण्यापूर्वी धडाचा भार त्या त्रिकोणावर आणावा लागतो. एटी-एसटीसारख्या दोन पायांच्या यंत्रात पाऊल उचलताना सारा भार एकाच पावलावर येतो, म्हणून तेथे अडचण अधिक असते.

आकार आणि सांधे

मोठ्या प्रतिकृतीत बारकावे चांगले दाखवता येतात. परंतु रचना तशीच ठेवून लांबी, रुंदी व उंची दुप्पट केल्यास वजन आठपट होते. सांध्यापासून भाराचे अंतरही दुप्पट झाल्याने सांध्यावरील आघूर्ण सोळापट होते. सांधा जोडणारी पिन मात्र तीच राहते. त्यामुळे मोठ्या प्रतिकृतीचे पाय बहुधा सांध्यांपाशी दगा देतात.

प्रचलित उपाय

पायांच्या गाभ्यात टेक्निक प्रकारच्या तुळया घालून बाहेरून पातळ पट्ट्यांचे आवरण चढवले जाते. डोके पोकळ ठेवतात आणि बॅटरीपेटी धडाच्या मध्यभागी, शक्य तितकी खाली बसवतात. खाचांचे सांधे भार चांगला पेलतात. पण ते ठरावीक कोनांतच थांबत असल्याने हवी ती ढब साधत नाही. मोटारीच्या रचनेत वर्म गिअर वापरल्यास वेग कमी होऊन बळ वाढते, शिवाय भारामुळे पाय सहसा उलट फिरत नाही.

दोन उदाहरणे

लेगो कंपनीच्या दोन संचांत हा फरक स्पष्ट दिसतो. २००७ सालचा एटी-एटी मोटारीवर चालतो. २०२१ सालचा ६,७८५ तुकड्यांचा एटी-एटी सुमारे ६२ सेंटिमीटर उंच व अत्यंत तपशीलवार आहे; त्याचे पाय हाताने वेगवेगळ्या स्थितींत ठेवता येतात, मात्र त्यात मोटार नाही.

तडजोडीची निवड

कोणता बदल डोळ्यांना कमी खटकेल, हे पाहून तडजोड करणे हिताचे असते. पाऊल थोडे रुंद केलेले सहज लक्षात येत नाही. पायांची उंची घटवली, तर यंत्राची ओळखच बिघडते.