मेणाच्या ठोकळ्यातील साक्ष

“आमच्या घरात विडी-सिगारेटला कोणी हातही लावला नाही, मग हा रोग आला कसा?” फुफ्फुसाच्या कर्करोगाचे निदान होताच निर्व्यसनी कुटुंबात हा प्रश्न हमखास उमटतो. धूम्रपान हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे. तथापि भारतातील रुग्णांत कधीही धूम्रपान न केलेल्यांची संख्या लक्षणीय आहे. रोग का झाला, याचे उत्तर प्रत्येक वेळी मिळत नाही. तो कोणत्या जातीचा आहे, हे मात्र गाठीतील प्रथिने पुष्कळदा सांगतात.

सुईने काढलेला गाठीचा लहानसा तुकडा फॉर्मलिनमध्ये टिकवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्याचे अतिशय पातळ काप काचेवर घेऊन, ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडे त्यांवर सोडतात. ते प्रथिन असेल तेथे बहुधा तपकिरी रंग उमटतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली रोगाची ओळख पटते.

या तपासणीचे मोल जपानमधील एका शोधाने ठळक केले. २००७ मध्ये हिरोयुकी मानो यांच्या संशोधकगटाला एका ६२ वर्षांच्या रुग्णाच्या गाठीत दोन जनुकांचे तुकडे जोडले जाऊन निर्माण झालेले विकृत प्रथिन आढळले. त्यातील ‘एएलके’ हा भाग पेशींना वाढीची आज्ञा अखंड देत राहतो. त्याला रोखणारी क्रिझोटिनिब ही गोळी २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. ‘ईजीएफआर’ या प्रथिनातील बिघाडावरही गोळ्या उपलब्ध आहेत; हा बिघाड धूम्रपान न करणाऱ्यांत अधिक आढळतो व तो जनुकीय चाचणीने कळतो. ‘पीडी-एल१’चे प्रमाण पाहून प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या उपचाराचा विचार होतो.

अशी प्रथिने प्रत्येक गाठीत सापडत नाहीत, आणि पसरलेला रोग या गोळ्यांनी बहुधा समूळ जात नाही. परंतु योग्य रुग्णाला योग्य गोळी मिळाल्यास आयुष्य वाढते व दिवस सुसह्य होतात.

म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वी कुटुंबीयांनी डॉक्टरांना नम्रपणे विचारावे: या चाचण्या झाल्या काय? त्यांसाठी तुकडा पुरेसा आहे काय? दुसऱ्या शहरात सल्ल्यासाठी जाताना केवळ अहवाल नव्हे, तर मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्याही रुग्णालयाकडून मागून घ्याव्यात. माल पारखल्यावाचून सौदा न करणाऱ्या घरांनी येथेही तीच सावधगिरी बाळगावी. हा अविश्वास नव्हे. रुग्णाच्या हिताची ती काळजी आहे.