स्किमर बंद पडला, तर आधी श्वास सांभाळा

दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्लाउनफिश, प्रवाळ आणि कोळंबी सुखाने नांदत असतात. एखाद्या सकाळी मात्र चित्र बदललेले दिसते. मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवत असतात. टाकीखालच्या कपाटातली पंपाची घरघर थांबलेली असते आणि स्किमरच्या कपात रोज साठणारे तपकिरी पाणी आज जमलेले नसते. घरमालक बाह्या सरसावतो आणि वीज चालू असतानाच पाण्यात हात घालतो. या क्षणी माशांइतकाच धोका त्याच्या जिवालाही असतो.

प्रोटीन स्किमर नेमके काय करतो? वरण शिजताना डाळीवर फेस येतो आणि तो पळीने काढून टाकला जातो. स्किमरचे काम असेच. पंपाच्या फिरकीने हवेचे अगदी बारीक बुडबुडे पाण्यात मिसळले जातात. माशांची विष्ठा, उरलेले अन्न आणि शेवाळ यांतून सुटणाऱ्या प्रथिनांसारख्या रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे पाणी टाळते. असे रेणू बुडबुड्यांना चिकटतात, फेसाबरोबर वर चढतात आणि कपात जमा होतात. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर साठणारा पिवळसर फेस हा निसर्गातला असाच प्रकार. गोड्या पाण्यात बुडबुडे चटकन एकमेकांत मिसळून मोठे होतात. खारे पाणी त्यांना बारीक ठेवते. म्हणून घरगुती स्किमर समुद्री टाकीतच चांगला चालतो.

बरेच मत्स्यपालक स्किमरला टाकीचे मूत्रपिंड म्हणतात. ही उपमा अर्धीच खरी आहे. अमोनिया हटवण्याचे मुख्य काम खडकांवर आणि वाळूत राहणारे जीवाणू करतात. स्किमर फक्त कुजण्याआधी मळ उचलून त्यांचा भार हलका करतो. मात्र हजारो बुडबुड्यांमुळे पाण्यात प्राणवायू मिसळतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या अर्थाने तो टाकीचे फुप्फुसही आहे. 25 अंश सेल्सिअसला गोडे पाणी लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवते. समुद्राचे पाणी मात्र 7 मिलिग्रॅमच्याही आतच. रात्री प्रवाळ आणि शेवाळही प्राणवायू वापरतात. म्हणून मासे जास्त असलेल्या किंवा झाकण घट्ट बसवलेल्या टाकीत स्किमर बंद पडला, की मळाआधी श्वासाचा प्रश्न उभा राहतो.

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आधी श्वास पाहतात, मग बाकीचे. इथेही तोच क्रम ठेवावा. पाण्यात हात घालण्यापूर्वी कोरड्या हातांनी टाकीच्या सर्व उपकरणांचे प्लग काढावेत. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज वीज वाहून नेते. बिघडलेला स्किमर बाहेर काढला, की बाकीचे पंप लगेच पुन्हा सुरू करावेत. एखाद्या पंपाचे तोंड पृष्ठभागाकडे वळवावे, म्हणजे पाणी खळबळत राहील. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा, वीज गेली तरी तो उपयोगी पडतो. एक-दोन दिवस खाणे बंद किंवा अगदी कमी ठेवावे. अमोनियाची चाचणी करावी. तो आढळला, तर तितक्याच खारट आणि तितक्याच तापमानाच्या ताज्या पाण्याने टाकीतले पाव हिस्सा पाणी बदलावे. समुद्री पाण्याचा सामू 8 च्या वर असल्याने अमोनियाचा विषारी अंश इथे जास्त असतो.

श्वास सावरला, की दुरुस्तीला बसावे. पंप चालतो पण बुडबुडे येत नाहीत, तर दोष बहुधा हवेच्या नळीत असतो. तिच्या तोंडाशी मिठाचे खडे साचतात, ते कोमट पाण्याने विरघळतात. पंप नुसता गुणगुणतो आणि फिरकी फिरत नाही, तर तिच्यावर चुन्याचा थर चढलेला असतो किंवा गोगलगाय अडकलेली असते. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन सुटे भाग काही तास भिजवावेत, मऊ ब्रशने घासून स्वच्छ धुवावेत. साबण वापरू नये. नंतर बादलीत टाकीचेच खारे पाणी घेऊन स्किमर चालवून पाहावा. साध्या पाण्यात फेस धरत नाही, म्हणून ती चाचणी फसवी ठरते.

फिरकीचा दांडा तुटला असेल, तर फक्त तो भाग बदलता येतो. मात्र चुंबक फुगला किंवा गंजला असेल, वायर सोलली असेल किंवा पंपाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर पंप बदलावाच. तिथे चिकटपट्टीची काटकसर नको. नवा स्किमर पहिले काही दिवस नीट फेस देत नाही किंवा कप भरून वाहतो. तेवढा धीर धरावा. टाकीच्या विजेच्या जोडणीवर 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्यावा. वायर सॉकेटच्या खाली झोळासारखी लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटात न जाता खाली ठिबकेल.

आता हातांविषयी. टाकीच्या पाण्यात ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ नावाचा, क्षयरोगाच्या जंतूचा नातेवाईक असू शकतो. 1926 मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांमध्ये तो प्रथम आढळला. त्याला साधारण 30 अंश तापमान मानवते, त्यामुळे तो शरीराच्या थंड भागांत, म्हणजे बोटांत आणि हातांत वाढतो. खरचटल्यावर बहुधा दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, न दुखणारी लालसर गाठ येते. काहींमध्ये हातभर वरवर गाठींची रांग उमटते. नेहमीच्या मलमाने ती बरी होत नाही. औषधे काही महिने घ्यावी लागतात. डॉक्टरांना ‘घरी माशांची टाकी आहे’ हे एक वाक्य सांगितले, तर निदान लवकर होते. जखमेभोवती काही तासांतच सूज, तीव्र वेदना, फोड किंवा ताप आला, तर थेट रुग्णालय गाठावे. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांनी विशेष सावध राहावे.

झोअँथिड जातीच्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. सफाईच्या भरात असे खडक उकळू नयेत, गरम पाण्याने घासूही नयेत. वाफेतून आणि तुषारांतून विष श्वासात जाऊन घरातले सगळेच आजारी पडू शकतात. लांब हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा वापरावा, काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

कपात पुन्हा तपकिरी पाणी साठू लागले, की टाकी सावरली असे समजावे. हातावरच्या ओरखड्यावर मात्र पुढचे महिनाभर लक्ष असू द्यावे.