पिवळी पडलेली लोकरीची बाळवस्त्रे

घरात नातवंड येणार अशी बातमी आली की माळ्यावरची पेटी खाली उतरते. तळाशी जपून ठेवलेली झबली, टोपडी, मोजे बाहेर येतात आणि बहुतेक घरी थोडी निराशा पदरी पडते. पांढरे म्हणून ठेवलेले झबले पिवळट झालेले असते, छातीपाशी तपकिरी डाग उमटलेले असतात, घडीच्या रेषा गडद दिसतात. विणणारी व्यक्ती अनेकदा हयात नसते, तेव्हा तसे दुसरे करून घेण्याचा प्रश्नच उरत नाही. मग बारशाच्या घाईत कोणीतरी बादलीत ब्लीच ओतते, आणि जे सहज वाचले असते तेही हातचे जाते.

बाजारातील नेहमीचे द्रव ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. सुती कापडाला ते एक वेळ चालते. खरी लोकर मात्र केसांप्रमाणेच केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते आणि हायपोक्लोराइट हे प्रथिन खाते. प्रथम लोकर अधिकच पिवळी पडते, मग धागा बुळबुळीत होऊन तुटतो. द्रावण तीव्र असेल तर वस्त्र अक्षरशः विरघळते. म्हणून कोणताही उपाय करण्यापूर्वी धागा कशाचा आहे हे पाहावे. तारण तपासल्याशिवाय कर्ज मंजूर करू नये, ही सवय मला बँकेने लावली. ती येथेही उपयोगी पडते.

आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारे गुंडे पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकचे असतात. शिवणीत दडवलेल्या टोकाचा बोटभर धागा कापून चिमट्यात धरावा आणि ताटलीवर ज्योतीपाशी न्यावा. केस जळाल्यासारखा वास येऊन राख बोटांनी चुरली गेली तर ती खरी लोकर. धागा वितळून कडक, काळा मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. कागद जळाल्याचा वास आला तर सूत.

पिवळेपणाची कारणेही निरनिराळी असतात. बाळाने काढलेली दुधाची गुळणी वरवर धुतली तरी तिचा स्निग्धांश धाग्यात राहतो. हवेशी संयोग होऊन तो काही महिन्यांनी पिवळा पडतो. ठेवताना स्वच्छ दिसलेले झबले पेटीतून डागाळलेले निघते ते त्यामुळे. दुसरे कारण कापडाच्या व्यापाऱ्यांना परिचित असेल. पॉलिथिनच्या पिशवीत बीएचटी नावाचे रसायन मिसळलेले असू शकते. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी त्याचा संयोग झाला की पांढऱ्या मालावर पिवळी झाक चढते. हा पिवळेपणा बराच वरवरचा असतो आणि किंचित आंबट पाण्यात फिका पडतो. खऱ्या लोकरीला ऊनही पिवळे करते, आणि ते मात्र खोलवर.

आमच्या एका स्नेह्यांकडे असाच जोड निघाला. आजेसासूबाईंनी विणलेले झबले, टोपडे आणि मोजे होते. सगळे एकाच बादलीत घालण्याची तयारी झाली होती. धागे तपासले तेव्हा झबले खऱ्या लोकरीचे आणि उरलेले दोन्ही अ‍ॅक्रिलिकचे निघाले. दुधाचे डाग गरम पाण्यात पक्के होतात, म्हणून सर्वांना आधी थंड पाण्यात भिजवले. टोपडे व मोजे मग सोडियम परकार्बोनेट असलेल्या डागनाशक पावडरीच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवले; ते जवळजवळ पूर्ववत झाले. ही पावडर अल्कधर्मी असल्याने लोकरीला वर्ज्य आहे. एन्झाइमची पावडरही प्रथिन पचवते, म्हणून तीही नको.

झबले लोकरीसाठीच्या सौम्य द्रव साबणाने, न चोळता, केवळ दाबून धुतले. रिठाही लोकरीला मानवतो, पण पांढऱ्यावर त्याची झाक राहू शकते. नंतर प्लास्टिकच्या घमेल्यात औषधाच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साइड घेतले. ते ३ टक्क्यांचे असेल तर एक भागास दहा भाग कोमट पाणी घ्यावे, ६ टक्क्यांचे असेल तर वीस. हातमोजे घालावेत आणि रंगीत काठ असेल तर आधी कोपऱ्यावर पाहावे. अर्ध्या तासाने तपासत दोन तास ठेवले. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घातले. पिळले नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबले आणि सावलीत आडवे पसरून वाळवले, कारण ओली लोकर टांगली की लोंबते. झबले शुभ्र झाले नाही, सायीच्या रंगावर थांबले. छातीवरचा एक डाग पुसट राहिला. तेथेच थांबणे शहाणपणाचे होते. आणखी ताणले असते तर धागा गेला असता.

टाचणपिनेचा गंजाचा डाग असेल तर पेरॉक्साइड मुळीच लावू नये. लोहामुळे त्याची क्रिया भडकते आणि नेमके तेथेच भोक पडते. लिंबाचा रस थोडा वेळ लावून धुवावा. निळीने पिवळेपणा जात नाही, फक्त झाकला जातो, आणि विणीत तिचे ठिपके बसतात.

सर्वांत गंभीर बाब डांबरगोळ्यांची आहे. त्यांतील नॅफ्थलिनची वाफ कपड्यांत मुरते. जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या नवजात बाळाला असे कपडे घातल्यास तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाळाकडे पाहून कळत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत. पूर्वी ठेवल्या असतील तर कपडे अनेक दिवस मोकळ्या हवेत ठेवून, धुऊन मगच वापरावेत. आपल्या घरांत कीटक मारण्याचा हा मार्ग तसाही कोणाला रुचत नाही. कसर लागते ती बहुधा दुधाघामाने मळलेल्या लोकरीला. वस्त्र स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवले तर गोळ्यांची गरज सहसा पडत नाही. वर्षातून एकदा उघडून घडी बदलावी. वर्तमानपत्र किंवा नुसते लाकूड वस्त्राला लागू देऊ नये. दोन्हींतील आम्लाने ते पुन्हा पिवळे होते. सोबत एक चिठ्ठी ठेवावी: धागा कोणता, कोणी विणले, कोणाच्या जन्मी. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी, शाई ओलाव्याने पसरते.