नायकाची खंडणी, राज्याचा वाटा

बेंगळुरू : निवडून आलेले सरकार कर्नाटकात दर दसऱ्याला साम्राज्याचा वेष चढवते. म्हैसूरच्या राजवाड्यासमोर मुख्यमंत्री सोन्याच्या अंबारीतल्या चामुंडेश्वरीवर फुले वाहतात, तोफा धडाडतात आणि ७५० किलोंची ती अंबारी घेऊन हत्ती निघतो. त्याच दिवसांत राजवाड्यात यदुवीर वाडियार सिंहासनावर बसून खासगी दरबार भरवतात. हेच महाराज २०२४ पासून म्हैसूर-कोडगूचे भाजपचे खासदार आहेत. सिंहासन वारशाने, खासदारकी मतांनी. इथे कुणालाही त्यात विसंगती वाटत नाही.

हा दसरा वाडियारांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टणला सुरू केला, पण मूळ थाट विजयनगरच्या महानवमीचा. राजधानी हंपीत ती नुसती मिरवणूक नव्हती, वसुलीची तारीख होती. १५३५ च्या सुमारास तिथे असलेल्या नुनिश या पोर्तुगीजाने लिहून ठेवले आहे की, नायक, म्हणजे राजाचे मांडलिक सरदार, महानवमीच्या नऊ दिवसांत राजाचा भरणा करीत. त्याच्या आकड्यांनुसार जवळजवळ निम्मे उत्पन्न राजाकडे जाई, आणि उरलेल्यात राजासाठी फौजही पोसावी लागे.

बेंगळुरू वसवणारे केंपेगौडा असेच एक मांडलिक. विमानतळावर त्यांचा १०८ फुटी पुतळा उभा आहे, आपल्या धुळे जिल्ह्यातल्या राम सुतारांच्या हातचा. केंपेगौडांनी स्वतःची नाणी पाडली म्हणून विजयनगरने त्यांना आनेगोंदीला पाच वर्षे कैदेत ठेवले, असे इथे परंपरेने सांगतात.

आजचा मांडलिक काय करतो? ७ फेब्रुवारी २०२४ ला मुख्यमंत्री सिद्धरामय्या मंत्रिमंडळासह दिल्लीत जंतरमंतरवर बसले. घोषणा होती 'माझा कर, माझा हक्क'. केंद्राकडून वाटल्या जाणाऱ्या करांतला कर्नाटकाचा वाटा चौदाव्या वित्त आयोगाने ४.७१३ टक्के ठेवला होता, पंधराव्याने तो ३.६४७ वर आणला. इथून १०० रुपये गेले तर १२-१३ परत येतात, हा राज्य सरकारचा तेव्हाचा हिशेब. (त्याच फेरीत महाराष्ट्राचा वाटा ५.५ वरून ६.३ टक्क्यांवर गेला, हे इथल्या मित्रांसमोर बोलायला जरा संकोच वाटतो.) दिल्लीचे उत्तर ठरलेले : वाटा आयोग ठरवतो, आम्ही नाही. हे उत्तर देणाऱ्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन राज्यसभेत कर्नाटकातूनच गेलेल्या!

उत्तर अगदी पोकळ नाही; आयोग श्रीमंत राज्यांचा पैसा गरीब राज्यांकडे वळवतो. विजयनगरची खंडणी राजधानीत जिरे किंवा युद्धावर जाई. बिहारच्या शाळेसाठी बेंगळुरूचा पैसा, ही कल्पनाच तिथे नव्हती. पण मला खरा फरक दिसतो तो भांडणाच्या रीतीत. मार्च २०२४ मध्ये दुष्काळाच्या मदतीसाठी कर्नाटकाने केंद्रालाच सर्वोच्च न्यायालयात खेचले. मागणी १८,१७१ कोटींची होती. एप्रिलअखेर सुमारे ३,४५० कोटी आले. राज्याने पैसे घेतले, अपुरे आहेत म्हणून सांगितले आणि खटला चालू ठेवला. कुठल्या नायकाने सम्राटावर फिर्याद केली असती, आणि ऐकायला बसले असते कोण?

एवढे झाल्यावर विधानसौधाकडे पाहावे. तेव्हाचे मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या यांनी १९५६ पर्यंत उभे केलेले ते ग्रॅनाइटचे मंदिरवजा सचिवालय; वर घुमट, घुमटावर चार सिंह, आणि दारावर कोरलेले, सरकारचे काम म्हणजे देवाचे काम. दिल्लीकडे हक्क मागणारे हे देवाचे सरकार आपल्या शहराला मात्र हक्क देताना हात आखडते. शहाजीराजांच्या काळी बेंगळुरू जहागीर होते. आताही फार वेगळे नाही. महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, आणि पुढची पाच वर्षे शहर प्रशासकांनी चालवले. मुंबईकरांना हे नव्याने सांगायला नको. २०२५ मध्ये महापालिकेच्या जागी पाच महापालिका करण्यात आल्या आणि त्यांच्यावर ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण बसवण्यात आले. प्राधिकरणाचे अध्यक्ष, कायद्यानेच, मुख्यमंत्री.